वन्संचं खोटं आकाश

आमच्या नणंदबाई सकाळी डबा घेऊन नोकरीवर निघाल्या की गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "काय हो, नेमकं काम काय करतात तुमच्या वन्सं?" मी सांगायची, "ती सैन्याची शाळा आहे ना, तिथे पोरं खोटी विमानं पाडायला शिकतात. कोण कुठे चुकलं ते वन्सं मागे बसून बघतात." एकजण लगेच म्हणाली, "म्हणजे सासूचंच काम की! ह्यांना पगार मिळतो एवढंच."

घरी येऊन मी ते वन्संना सांगितलं. वाटलं हसतील. त्यांनी डबा घासायला ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "फरक आहे वहिनी. सासू चूक बघते. मी ती कुठून निघाली ते बघते."

अशा होत्या. विनोद सांगितला तरी त्याला मार्क द्यायच्या.

त्या ह्यांच्या पाठच्या बहीण. कॉलेजात जाऊन माणसं कशी ठरवतात ते शिकल्या होत्या. मी चौथीत शाळा सोडलेली, मला हे काही झेपेना. मी म्हटलं, "त्यात शिकायचं काय? आपल्या घरात सासूबाई ठरवतात, बाकीचे मान हलवतात." वन्सं म्हणाल्या, "अगदी हेच शिकवतात, फक्त पुस्तक जाड असतं." लग्न त्यांनी केलं नाही. स्थळं आली, नाही असं नाही. एक मुलगा चांगला होता, नोकरीचा, गोरा. वन्संनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "मी पसंत आहे हे तुम्ही ठरवलंत की तुमच्या आईनं?" तो आईच्या तोंडाकडे बघायला लागला. वन्सं कपबशा उचलून आत निघून आल्या. संपलं.

त्यांच्या त्या शाळेत घरच्यांना एकदा आत सोडलं होतं, तेव्हा मी तो हॉल पाहिला. खिडकी म्हणून नाही. दार लावलं की दिवस आहे का रात्र कळायचं नाही. चार खुर्च्या, चार पडदे, काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके. कानाला यंत्र लावून चौघं बसायचे. शेजारच्या खोलीत काही माणसं बसून विमानं तयार करायची, म्हणजे ठिपके सोडायची, इकडून एक, तिकडून एक. सगळं आकाशच खोटं. आणि मागे काचेच्या पलीकडे आमच्या वन्सं, कानाला तसंच यंत्र लावून, चौघांचं एकदम ऐकत.

"ठिपका कुणाचा ते कसं कळतं?" मी विचारलं.

"ठिपक्यावरून नाही कळत. तो आपला असेल, शत्रूचा असेल, नाहीतर ज्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नाही अशा प्रवाशांचा असेल. तिन्ही सारखेच दिसतात. त्याला हाक मारायची, त्याची उंची बघायची, वाट बघायची. एकानं बघायचं, एकानं ओळखायचं, एकानं बटणावर हात ठेवून बसायचं. आणि चौथ्यानं, म्हणजे प्रमुखानं, वेळ संपायच्या आत सांगायचं. थांब, नाहीतर सोड. दोनच शब्द. सोड म्हणजे क्षेपणास्त्र सोड, पाड त्याला."

"आणि चुकला तर?"

"इथे चुकला तर दिवा लागतो, वहिनी. म्हणून इथेच चुकून घ्यायचं."

खेळ संपला की वन्सं मार्क द्यायच्या. एक रकाना तुकडीचा, एक प्रत्येक माणसाचा. मला हेही समजेना, तेव्हा त्यांनी समजावलं, "समजा दूध उतू गेलं. तुम्ही म्हणालात, मी वन्संना सांगितलं होतं. मी म्हणाले, मी पोराला सांगितलं होतं. पोरगा म्हणाला, मला वाटलं आई आहे तिथे. आता दूध घालवलं कुणी? एकट्यानं की तिघांनी मिळून?"

मी म्हटलं, "ते राहू द्या. ओटा कोण पुसणार ते मला माहीत आहे."

त्या वेळी मात्र हसल्या.

आता पोराचं सांगते. आमच्या मुलाला सगळे ढब्बू म्हणायचे. लहानपणी होताच तसा, बसवला की घरंगळायचा. पुढे बांबूसारखा उंच झाला तरी नाव काही सुटलं नाही. तो शाळेत असतानाच हे गेले. त्यानंतर वन्सं आणि मी, दोघींनी मिळून त्याला वाढवला. जेवूखाऊ मी घालायची आणि डोकं त्या घडवायच्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं जमिनीवर ताट घेऊन बसत. ताटात मुगाचे दाणे, मध्ये मिठाची वाटी. वाटी म्हणजे गाव. वन्सं एक दाणा बोटानं पुढे ढकलत.

"हा येतोय. काय करशील?"

"पाडीन!"

"तुझी आई बसली असेल त्यात तर?"

"आई कशाला विमानात बसेल? तिला बसमध्ये उलटी होते."

"समज बसली."

मग ढब्बू जीभ बाहेर काढून विचार करायचा. "आधी हाक मारीन."

"उत्तर आलं नाही तर?"

असं तासभर चालायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "विमानं डब्यात भरा आता, भिजवायची आहेत!"

लहानपणचा खेळ आणि मोठेपणची नोकरी एकच निघावी असं किती जणांचं होतं? ढब्बूचं झालं. सैन्यात लागला, पोस्टिंगं करत करत आत्याच्याच शाळेत शिकायला आला आणि एका तुकडीचा प्रमुख झाला. डोंगरावर एक ठाणं होतं. तिथला पडदा खऱ्या आकाशाचा. त्या ठाण्यावर प्रमुख म्हणून जायचं हे त्याच्या डोक्यात मुगाच्या दाण्यांपासूनचं. त्यासाठी शेवटची एक चाचणी पास व्हायची होती, तुकडीनंही आणि त्यानंही.

त्याची तुकडी सगळ्यांत चांगली होती. हे मी आई म्हणून सांगत नाही, तिथले मोठे साहेबच म्हणायचे. पडद्याकडे बघणारा, ओळखणारी मुलगी, बटणावरचा पोरगा आणि आमचा ढब्बू. चौघं एकत्र जेवायचे, एकमेकांच्या तोंडचं बोलणं ओळखायचे. साहेब म्हणायचे, "एका डोक्याची चार माणसं आहेत ही." घरी सांगताना वन्सं पुढे जोडायच्या, "म्हणजे तीन डोकी फुकट."

ढब्बू चिडायचा. "आत्या, तुला कौतुक करता येत नाही का?"

"येतं. चाचणी झाल्यावर."

ती चाचणी भाच्याची म्हणून वन्संनी साहेबांकडे जाऊन सांगितलं होतं, मला यात ठेवू नका. पण दुसरे परीक्षक बदलीवर गेले होते, नवे यायचे होते. साहेब म्हणाले, "तुमच्याबद्दल शंका घेणारा अजून जन्माला यायचा आहे. बसा तुम्हीच." प्रामाणिकपणाचं नाव झालं की असंही होतं, सुटका नाही.

आता हंबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या घरात हं हा एकच शब्द दहा कामं करतो. ह्यांचा तर सगळा संसार हंवर झाला. भाजीत मीठ जास्त आहे का? हं. पाहुणे येणार आहेत, दूध जास्त घेऊ? हं. तुमचं लक्ष आहे का माझ्याकडे? हं. तोकडा हं म्हणजे हो. लांबवलेला हंऽ म्हणजे बघू. वर चढवलेला हं? म्हणजे काय म्हणालीस. आणि एक हं असायचा त्याचा काहीच अर्थ नव्हता, नुसतं कळवायचं की मी मेलेलो नाही, बसलोय इथेच. माझा जन्म गेला त्यांतला फरक ओळखण्यात, तरी मी निम्म्या वेळा चुकायची. ढब्बूनं बापाचं दुसरं काही उचललं नाही, हं तेवढा उचलला.

हॉलमध्ये हंला बंदी होती. ऐकलं असेल तर ऐकलं म्हणायचं, नाहीतर थांब, नाहीतर सोड. पण ढब्बूच्या तुकडीला त्याचे सगळे हं पाठ झाले होते. खेळामागून खेळ जिंकत होते. जिंकणाऱ्याला कोण टोकतं? वन्सं टोकायच्या. दर वेळी सांगायच्या, "ढब्बू, हंला मार्क नाहीत." तो म्हणायचा, "ठिपका पडला ना बरोबर?" "पडला. नशिबानं का निर्णयानं ते मला ऐकू आलं नाही."

चाचणीचा दिवस. मी तिथे नव्हते, पण वन्संकडून ऐकलं, ढब्बूकडून ऐकलं, आणि पुढे ती ओळखणारी मुलगी घरी आली होती तिच्याकडूनही. तिघांचं सांगणं एकच होतं, म्हणून लिहिते.

खोट्या आकाशात बरेच ठिपके होते. आठ-दहा तरी. चौघांनी एकेक निस्तरत आणले, सगळे बरोबर. मग एक ठिपका सरळ गावाच्या दिशेनं यायला लागला. हाक मारली, उत्तर नाही. वाट नेहमीची नाही. उंची जास्त. मुलीनं विचारलं, "प्रवासी वाटतंय, थांबायचं?" नेमकं त्याच वेळी बटणावरच्या पोरानं विचारलं, "टप्प्यात आलाय, सोडू?" दोघांचे आवाज एकावर एक पडले.

आणि ढब्बू म्हणाला, "हं."

मुलीला ऐकू आलं, हो थांब. पोराला ऐकू आलं, हो सोड. दोघंही आपापल्या जागी खरीच होती. पोरानं बटण दाबलं. ठिपका गेला.

दिवा लागला. शेजारच्या खोलीतून सांगितलं, प्रवासी विमान होतं, वाट चुकलेलं, त्याचं बोलायचं यंत्र बिघडलेलं. असं त्यांनी रचलं होतं. मेलं कुणीच नाही. विमान नव्हतंच, तर मरणार कोण? पण ती मुलगी मला म्हणाली, "काकू, मी दोन दिवस जेवले नाही. मला त्यात बसलेली माणसं दिसायला लागली होती."

मग साहेबांनी चौघांना उभं करून विचारलं. तिथला नियम असा होता. प्रमुखाच्या मनात निर्णय पक्का असेल आणि तो सांगताना गोंधळ झाला, तर ती चूक तुकडीची. चौघांनी मिळून वाईट सवय लावून घेतली, चौघांना पुन्हा महिनाभर बसवायचं, पुन्हा चाचणी, आणि पास झाले की डोंगरावर. पण प्रमुखाच्या मनात निर्णयच झालेला नसेल आणि तरी त्याच्या तोंडून होकार गेला, तर ती चूक माणसाची. तो प्रमुखाच्या खुर्चीत पुन्हा बसत नाही. कधीच नाही.

साहेबांनी ढब्बूला विचारलं, "तू हं म्हणालास तेव्हा मनात काय होतं?"

ढब्बू म्हणाला, "थांब होतं, साहेब."

ध्वनिमुद्रणात आवाज असतो. मनातलं थोडंच उमटतं त्यात? साहेबांनी वन्संना सांगितलं, "तुकडीच्या रकान्यात टाका मग. पोरं चांगली आहेत." वन्सं म्हणाल्या, "उद्या देते."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी मुद्दाम गरम भात केला होता, वर तूप. ढब्बूला सर्दी झाली होती, नाक ओढत होता. मीच म्हटलं, "सर्दीनं आवाज नीट निघाला नसेल हो त्याचा."

"सर्दी मी लिहिली आहे," वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनी ताट जरा बाजूला केलं. "ढब्बू, खरंच थांब होतं का रे?"

त्यानं आत्याकडे बघितलं. लहानपणी चोरून साखर खाल्ली की बघायचा तसं. आणि एकदम हसला, दमलेलं हसू. म्हणाला, "नाही गं. साहेबांना सांगितलं थांब होतं म्हणून. खरं सांगू? काहीच नव्हतं. दोघं एकदम बोलले, मला कळेना, मला अजून जरासा वेळ हवा होता. तोंडातून आपोआप गेला हं. बाबांसारखा."

"हे मला का सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून. तुझ्याशी कधी खोटं बोललोय मी?"

एवढं बोलून त्यानं भात मागून घेतला आणि पोटभर जेवला. ओझं उतरलं होतं ना त्याचं. वन्संचं ताट तसंच राहिलं.

सकाळी त्या निघाल्या तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "वन्सं, जेवणाच्या ताटावरची गोष्ट तुम्ही कचेरीत नेणार आहात का?"

त्या चपला घालत होत्या. एक पट्टा काही केल्या लागेना. वाकूनच म्हणाल्या, "डोंगरावरचं आकाश खरं आहे, वहिनी. त्या ठिपक्यांत खरी माणसं असतात."

"आणि आपल्या घरात काय खोटी आहेत? तुमच्या अंगाखांद्यावर वाढलाय तो."

"माहीत आहे."

"महिनाभर पुन्हा बसेल, सवय मोडेल त्याची. साहेब स्वतः म्हणताहेत. मग तुम्हीच का साहेबांपेक्षा मोठ्या झालात?"

"साहेबांना माहीत नाही ते मला माहीत आहे. आता ते नाही माहीत असं कसं करू? तुम्ही सांगा, करते तसं."

मी बाजूला झाले. पट्टा तसाच लोंबत होता, तशाच गेल्या.

त्यांनी माणसाच्या रकान्यात लिहिलं. ढब्बूच्या.

संध्याकाळी तो घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "मी आत्याला सांगितलं होतं. परीक्षकबाईंना नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. वन्सं खुर्चीत बसल्या होत्या, उठल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अरे, मी एकच बाई आहे."

"तेच माझ्या लक्षात राहिलं नाही," तो म्हणाला आणि आपली बॅग भरायला लागला. माझ्याकडे इस्त्रीचे कपडे मागितले. मी दिले. आईचं काय, कुणी चिडून निघालं तरी तिला कपडे इस्त्री करूनच द्यावे लागतात.

सैन्यानं त्याला टायरांच्या कोठारावर ठेवलं. करार संपेपर्यंत त्यानं टायर सांभाळले आणि मग नोकरीच सोडली. दूरच्या एका गावात पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागला. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते बघायचा. तिथेच लग्न केलं, मुलगी झाली. मला दर आठवड्याला फोन करायचा, दिवाणावर बसून मी बोलायची, आणि वन्सं त्या वेळी नेमक्या कपडे वाळत घालायला गच्चीवर जायच्या. कपडे नसले तरी जायच्या. फोन ठेवला की खाली येऊन विचारायच्या, "बरा आहे?" "बरा आहे." "सर्दी?" "नाही आता." एवढंच. मी सून आणि नात बघून आले, फोटो आणले. वन्संनी फोटो हातात घेऊन बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले. म्हणाल्या, "हनुवटी आपल्याकडची आहे." आणि मला परत दिले. एखादा ठेवून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "त्यानं दिलेले नाहीत ना मला."

मला राग होता का? होता. पहिल्या वर्षी मी त्यांना चहा द्यायची तो कप आपटून ठेवायची. पण एका घरात दोन बायका, त्यात दोघींचं माणूस एकच आणि तेही निघून गेलेलं. राग किती दिवस पुरवणार? हळूहळू कप नीट ठेवायला लागले.

त्या तुकडीतली बाकीची तिघं दुसऱ्या प्रमुखाबरोबर डोंगरावर गेली. मी वाट बघायची, खोटं कशाला बोलू. वाटायचं, नव्या प्रमुखाच्या हातून काहीतरी होईल, मग सगळे म्हणतील, ढब्बूच हवा होता. नाहीतर वन्सं म्हणतील, बघा, म्हणून मी तसं लिहिलं होतं. काहीच झालं नाही. वर्षानुवर्षं त्या डोंगरावरून कुणी काही पाडलं नाही, कुणी काही चुकवलं नाही. ढब्बू असता तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? बहुतेक तेही काहीच नाही. पण जे घडलं नाही त्याची साक्ष कुणी देत नाही. वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी भाषण केलं, की बाईंच्या निकालावर कधी कुणाला बोट ठेवता आलं नाही. वन्सं हार काढून पिशवीत घालून घरी आल्या आणि कोबी चिरायला बसल्या.

मग त्यांचं हृदय दमायला लागलं. जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, औषधं द्या, फार दगदग नको, आणि जे भेटायचे ते भेटून घेऊ द्या. मी ढब्बूला फोन केला. तो लगेच हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. रविवारी दुपारच्या बसनं आला.

केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. ढब्बू हे नाव आता पुन्हा शोभायला लागलं होतं. वन्सं खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पायावर चादर. तो समोर स्टुलावर बसला. मी मागे भिंतीला टेकून उभी.

"जेवलास?"

"वाटेत खाल्लं."

"लोकांना पाणी वेळेवर सोडतोस का?"

"सोडतो. शिव्या खातो आणि सोडतो. वरच्या भागाला सोडलं की खालचे ओरडतात."

"मग ठरवतोस कसं?"

"ठरवलेलं असतं, आत्या. वेळापत्रक असतं. मला काही ठरवावं लागत नाही."

हे त्यानं साधंच सांगितलं, पण वन्संचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

बराच वेळ खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होईना. मग ढब्बूच म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी जेवताना मला विचारलं कुणी होतं? आत्यानं की परीक्षकबाईंनी?"

वन्संच्या श्वासाचा आवाज येत होता. "विचारलं आत्यानंच. ऐकलं मात्र दोघींनी."

त्यानं मान हलवली. "मार्क बरोबर होते. मला तेव्हाही माहीत होतं. तू चुकली असतीस ना, तर महिन्याभरात भांडायला आलो असतो. दार वाजवून, ओरडून, जेवून गेलो असतो. तू बरोबर होतीस. मग मी काय तोंड घेऊन येणार होतो?"

वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग चुकले असते तर बरं झालं असतं रे."

त्यांच्या पायावरची चादर घसरली होती, ती त्यानं उचलून नीट केली. पाय सुजलेले होते, त्यावरून हात फिरवला. वन्संनी पुटपुटत विचारलं, "मुलीला कुठल्या शाळेत घातलं?" त्यानं खिशातून तिचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "ठेव हा." मग शाळेचं, फीचं, बाईंचं बोलत बसले. संध्याकाळच्या बसनं तो गेला. शाळेला सुट्टी लागली की बायको-मुलीला घेऊन येतो म्हणाला.

सुट्टी लागायच्या आत वन्सं गेल्या. सकाळी चहा द्यायला गेले तर गेलेल्या होत्या.

ढब्बू आला, सगळं त्यानंच केलं. पोचवून आल्यावर बाहेरच्या नळावर पाय धूत होता, मी टॉवेल घेऊन उभी होते. म्हणाला, "आई, आत्या त्या दिवशी खोटं बोलली."

"कुठल्या दिवशी?"

"चुकले असते तर बरं झालं असतं म्हणाली ना, ते. तिला तसं वाटत नव्हतं. पुन्हा वेळ आली असती तर तिनं पुन्हा तेच लिहिलं असतं. माझ्यासाठी म्हणाली. जन्मात एकदा तिनं कुणाला तरी फुकटचे मार्क दिले."

आणि तो तिथेच नळाशी बसून रडला. त्याच्या बापाच्या वेळीसुद्धा एवढा रडला नव्हता.

मी त्याच्या पाठीवर टॉवेल टाकला. मला मात्र त्यांचं ते म्हणणं खरं वाटलं होतं. मी भिंतीला टेकून ऐकलं, त्यांचं तोंड बघितलं, इतकी वर्षं एका घरात काढली त्यांच्याबरोबर. मला वाटलं, ही बाई मनापासून बोलतेय, हिला खरंच चुकायचं होतं. ढब्बूला मी हे सांगितलं नाही. दोघांतलं कुणाचं बरोबर ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, त्याला तर आत्ताच पोचवून आलो होतो.

नळ चालूच राहिला होता. तो मी बंद केला आणि त्याला आत घेऊन गेले.